मायना

खलित्याचा मायना मला झोपेतही येतो:
"आमचे प्रिय आणि विश्वासू"
आणि पुढे चार बोटं कोरी जागा.
तिथे नाव पडतं.
या आठवड्यात एकोणीस नावं पडली.

राजे लिहीत नाहीत, राजे बोलतात.
चिखलाचे बूट ओढून घ्यायला पाय पुढे करत,
ससाण्याला मांसाचा तुकडा दाखवत,
आणि मी उभ्या उभ्या मेणाच्या पाटीवर खरडतो.
रात्री तेच वासराच्या कातड्यावर नीट बसवतो.
पिकार्दीपासून पार दक्षिणेच्या मिठागरांपर्यंत
लोक ज्याला राजा समजून वाचतात
तो माझा उजवा हात आहे,
थंडीत आखडणारा.

मजकूर ठरलेला:
पेंटेकॉस्टच्या सणाला मुलाला दरबारी पाठवावं.
आजी-आजोबा चारही कुळवंत असल्याचे दाखले सोबत.
आदल्या रात्री स्नान, मग देवळात जागरण,
सकाळी आम्ही स्वतः त्याच्या कमरेला तलवार बांधू.
झग्याचं कापड आमच्याकडून.
(हे शेवटचं वाक्य राजांना फार आवडतं.
कापडवाल्याचे पैसे तीन सणांपासून थकलेत.)

मोर्व्हालच्या गढीतून उत्तर आलं.
बाईचं नाव एर्मांगार. पत्र सांगून लिहवलेलं,
लिहिणारा बहुधा गावचा पाद्री,
त्याच्या लॅटिनला खरचटलेले गुडघे.
"मोहोर ओठांना लावली, महाराज. उपकार झाले.
आलोम पुढच्या नाताळात चौदाचा होईल.
आपण कमरेला तलवार म्हणता,
त्याची कंबर अजून भरायची आहे.
त्याच्या वडिलांचं चिलखत
आपल्याच लढाईहून परत आलेलं नाही.
घोडा होता, तो खाल्ला.
एक वर्ष द्या."

मी वाचून दाखवलं.
"घोडा होता, तो खाल्ला" हे मात्र गाळलं,
का ते माहीत नाही.
राजांनी दुसरा पाय पुढे केला.
"तारीख तीच," ते म्हणाले,
"आणि लिही, की आम्हाला तिच्या नवऱ्याची आठवण आहे."
नवऱ्याचं नाव त्यांनी मला विचारलं.

त्या रात्री शाई गोठत होती.
दौत मांड्यांत धरून ऊब देत बसलो.
बावीस वर्षांत माझ्या हातून
एक डाग पडला नव्हता, पहारेकरी सांगतील.
"येत्या" लिहून झालं
आणि टाक तिथेच टेकवून ठेवला,
एक श्वास, दोन श्वास,
शब्द फुगला, काळा झाला, बुडाला.
आता ते "येत्या" होतं की "पुढल्या",
देव जाणे आणि मोर्व्हालचा पाद्री.
लाख ओतली. मोहोर दाबली. स्वार गेला.

सणाच्या आधी तीन दिवस
नोंदवहीपुढे एक पोरगा उभा.
गिरणीवाल्याच्या खेचरावरून आलेला,
ओठावर लव नाही, कानाच्या पाळ्या थंडीनं लाल.
हातात माझंच पत्र, घामानं मऊ झालेलं.
"इथे तुमच्या कारकुनानं घोळ घातलाय," तो म्हणाला.
"आई म्हणत होती, पुढल्या वर्षी.
मी कातडं खिडकीशी उलटं धरलं,
उजेडात खालचं अक्षर दिसलं."
केवढा आनंद होता त्याला वाचता आल्याचा!
"कारकुनाला शिक्षा होऊ देऊ नका," असंही म्हणाला,
मोठ्या माणसासारखा,
एक हात नसलेल्या तलवारीवर ठेवून.

मी त्याचं नाव लिहिलं. वळणदार लिहिलं.
टाक कुठेही थांबला नाही.

शिंप्याचा हिशेब आज आलाय, नक्कल करतो आहे:
लाल झगे, अस्तरासह, एकोणीस.
पैकी अठरा पूर्ण मापाचे.
एक, वीतभर आखूड.
उरलेलं कापड परत घेतलं नाही,
आत दुमडून शिवलं आहे,
पोर वाढेल तसं उसवता येईल.